मुंबईत मांजरांचा ‘समर कट’ आला कुठून

मार्च संपत आला की मुंबईतल्या मांजरवाल्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एकच विषय सुरू होतो, समर कट करू का, म्हणजे उन्हाळ्यासाठी मांजराचे केस मशीनने उडवू का? मग दोन दिवस भांडण. एक जण म्हणतो एवढ्या केसांत बिचारीला किती उकडत असेल, दुसरी म्हणते मांजराला मशीन लावायचीच नाही, आणि तिसरा कुठल्यातरी पार्लरचं रेट कार्ड टाकून मोकळा होतो. मी हे दहा-बारा वर्षं तरी बघतेय. मुळात हा शब्द मांजराच्या वाट्याला आला कसा हे कुणी विचारत नाही, आणि माझ्या मते अर्धं भांडण तिथेच आहे, म्हणून हे लिहितेय.

आधी लांब केसांच्या मांजरांचं फार जुनं थोडक्यात सांगते. १६२० च्या सुमाराला इराणात असलेल्या एका इटालियन प्रवाशाने खोरासानकडच्या राखाडी, रेशमी, लांब केसांच्या मांजरांबद्दल पत्रात लिहिलं आणि ती इटलीला न्यायचं ठरवलं. हाच माणूस पुढे १६२३ मध्ये सुरतेला उतरला आणि गोव्यालाही गेला. साधारण त्याच काळात तुर्कस्तानातून अंगोरा मांजरं फ्रान्सला पोचली. पुढे युरोपात या सगळ्यांची सरमिसळ झाली. १८७१ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांजरांचं मोठं प्रदर्शन भरलं आणि तिथून पुढे पर्शियन म्हणून जे पाळलं गेलं त्याचे केस पिढ्यानपिढ्या निवडून जास्त लांब, जास्त दाट करत नेले. गंमत म्हणजे २००८ च्या एका जनुकीय अभ्यासात आजची पर्शियन ही इराणच्या नाही तर पश्चिम युरोपातल्या मांजरांच्या जवळची निघाली.

केस लांब का होतात तेही आता कळलंय. एफजीएफ५ नावाचं जनुक केसाला एका लांबीनंतर वाढ थांबवायला सांगतं, ते बिघडलं की केस वाढत राहतो, मग थांबतो, मग गळतो. हे २००७ मध्ये स्पष्ट झालं. आई आणि बाप दोघांकडून ते बिघडलेलं जनुक आलं तरच पिल्लू झुबकेदार होतं, म्हणून एखाद्या सोसायटीत दोन साध्या, आखूड केसांच्या मांजरांच्या पोटी अचानक एक फुललेलं पिल्लू निघतं आणि सगळे म्हणतात ‘पर्शियन मिक्स’. यातलं ‘मग थांबतो, मग गळतो’ एवढं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मुंबईकडे येते. इथे मांजर होतं ते चाळीतलं. अर्धं घरचं, अर्धं गॅलरीचं, उंदरांसाठी ठेवलेलं, बोंबलाच्या डोक्यांवर वाढलेलं. त्याला विंचरायचं असतं हे कुणाच्या डोक्यातही नव्हतं आणि असायचं कारणही नव्हतं, आखूड केसांचं मांजर जिभेने स्वतःचं स्वतः बघतं. परळला जनावरांचं हॉस्पिटल १८८० च्या दशकापासून आणि व्हेटर्नरी कॉलेज १८८६ पासून आहे, पण ती सगळी व्यवस्था घोडे, बैल, गाई यांच्यासाठी उभी राहिली, मांजराचा नंबर त्यात फार उशिरा लागला. माझी आजी आजही म्हणते, मांजराला कंगवा कशाला, ते काय लग्नाला चाललंय? तिच्या पिढीच्या मांजरांसाठी ते बरोबरच होतं.

मग आलं कुत्र्यांचं ग्रूमिंग, आणि इथे मला सगळ्यात जास्त लिहायचंय. ऐंशी-नव्वदच्या दशकात मुंबईत ज्याच्या त्याच्या घरी पॉमेरेनियन असायचं, नंतर ल्हासा, मग शित्झू. पार्लरं उघडली ती यांच्यासाठी. आमच्या भागातल्या पहिल्या पार्लरचं रेट कार्ड मला अजून डोळ्यांसमोर दिसतं, लॅमिनेट केलेलं, वर कुत्र्याचं चित्र, खाली बाथ, नेल्स, इअर क्लीनिंग, हेअरकट, समर कट, आणि काही वर्षांनी त्याच कार्डाच्या तळाला पेनाने लिहिलेलं, ‘कॅट – सेम’. ते ‘सेम’ सगळ्या घोळाचं मूळ आहे असं मला मनापासून वाटतं. ल्हासा किंवा शित्झूचा केस आपल्या डोक्यावरच्या केसासारखा बराच काळ वाढतच राहतो, तो कापावाच लागतो, नाहीतर डोळ्यांवर येतो. पर्शियनचा केस ठरावीक लांबीला थांबतो आणि गळतो, आणि तो गळलेला केस आतल्या मऊ थरात अडकतो. म्हणजे मांजराला गरज होती ती सुटलेला केस रोज बाहेर काढायची, आणि दुकानात मिळत होतं ते सगळाच केस उडवायचं काम. शब्द कुत्र्याचा, मशीन कुत्र्याची, माणूसही कुत्र्यांवर हात बसलेला.

बरं, समर कट म्हणजे नक्की काय यावरही एकमत नाही. कुणी फक्त पोट आणि मागची बाजू साफ करण्याला समर कट म्हणतं, खरं तर ते सॅनिटरी ट्रिम. कुणी लायन कट करतं, म्हणजे अंग भादरायचं आणि मान, पायमोजे, शेपटीचा गोंडा ठेवायचा. कुणी मशीनला प्लास्टिकचा गार्ड लावून बोटभर केस ठेवतं. आणि बऱ्याच ठिकाणी त्याचा अर्थ सरळ झीरो, म्हणजे दहा नंबरचं ब्लेड, जे जेमतेम दीड मिलिमीटर केस ठेवतं. गिऱ्हाईक एक समजून देतं, समोरचा दुसरं समजून घेतो. २०१४ च्या एप्रिलमध्ये मी माझी हिमालयन जातीची मांजर एका पार्लरला दिली, सांगितलं पोट आणि मागचं करा, संध्याकाळी आणायला गेले तर डोकं आणि शेपटीचं टोक सोडून सगळी गुलाबी. पुढच्या पायाच्या काखेत दोन इंचांची चीर. तिथे गाठ होती म्हणे, कैचीने काढली. मांजराची कातडी कागदासारखी पातळ आणि सैल असते, गाठ ओढली की कातडी तंबूसारखी वर येते आणि कैचीत केसाबरोबर तीही सापडते, हे मला तेव्हा माहीत नव्हतं आणि त्या मुलालाही नव्हतं. तीन टाके पडले. त्या मुलावर माझा राग नाही, त्याला कुणी शिकवलंच नव्हतं, पण ती आठवडाभर कपाटाखालून बाहेर आली नाही हे मी विसरू शकत नाही.

नंतर जे झालं ते आणखी चक्रावणारं. केस परत आले ते क्रीम न येता पाठीवर कॉफीच्या रंगाचे. मला वाटलं फंगस, डॉक्टरांकडे धावले. त्यांनी समजावलं की हिमालयनच्या अंगात रंग तयार करणारं एन्झाइम गार जागीच काम करतं, म्हणून तर नाक, कान, पंजे, शेपूट गडद आणि ऊबदार अंग फिकट. केस काढले की पाठ गार पडते, त्यात आमच्याकडे मे महिन्यात रात्रभर एसी. पुढच्या गळतीत रंग हळूहळू फिकट झाला, पण पूर्ण कोट यायला वर्षाच्या आसपास गेलं. (हिमालयन हे नाव हिमालयातून आलं म्हणून पडलेलं नाही, तसल्याच रंगाच्या सशांच्या जातीवरून पडलंय. आणि बॉम्बे नावाची जी काळीभोर जात आहे ती १९५० च्या दशकात अमेरिकेत केंटकीला तयार झाली. नावांवर जाऊ नये.)

आता उकाड्याचा मुद्दा. मांजराला घाम येतो तो पंजांच्या गाद्यांतून, बाकी अंग ते चाटून गार ठेवतं, लाळ वाळते तशी उष्णता जाते. त्याचं नेहमीचं तापमानच ३८ ते ३९ अंशांच्या घरात असतं. विंचरलेल्या केसांतून हवा खेळते. केसांची घोंगडी झाली की खेळत नाही, आणि मग ते मांजर खरंच तापतं, पण त्याचं कारण गुंता आहे, लांबी नाही. चपट्या नाकाच्या मांजराला उन्हाळा जड जातो तो जास्त करून नाकामुळे, त्याला धापा टाकूनही नीट गार होता येत नाही. बाजारात ज्याला ‘पंच फेस’ म्हणून जास्त पैसे घेतात तेच हे. म्हाताऱ्या, जाड किंवा सांधे धरलेल्या मांजराची जीभ पाठीपर्यंत पोचत नाही, अंगभर जट झालेली असते, तिथे भादरणं हाच दयेचा मार्ग, याबद्दल माझा काहीच वाद नाही. वाद आहे तो दरवर्षी कॅलेंडर बघून करण्याबद्दल. त्यातून काही ठिकाणी भूल देऊन कट करतात. चपट्या नाकाला भूल आधीच जोखमीची, आणि पर्शियन घराण्यात मूत्रपिंडात गाठी होण्याचा आनुवंशिक आजार आहे, ज्याचं जनुक २००४ मध्येच सापडलं आणि टेस्टही निघाली, पण पिल्लू विकताना ती कोण दाखवतं? पैदाशीचे नियम २०१७ मध्ये आले ते कुत्र्यांसाठी, मांजरं त्यात नाहीत.

खरं तर मुंबईत लांब केसांचा शत्रू उन्हाळा नाहीच, पाऊस आहे. जुलैमध्ये कपडे चार चार दिवस वाळत नाहीत तिथे मांजराच्या पोटाखालचा थर कसा कोरडा राहणार. आंघोळ घालून वरवर पुसलं की दोन दिवसांत काखेत गाठी, मग ओल, मग फंगसचे गोल चट्टे, आणि पुढच्या आठवड्यात घरातल्या मुलाच्या हातावरही तोच गोल. याच फंगसमुळे समर कटला दुसरं आयुष्य मिळालं. आधी सरसकट सल्ला असायचा की सगळे केस काढा, मगच औषध लागू पडेल. २०१७ मध्ये त्वचारोगतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने जे मार्गदर्शन काढलं त्यात केस काढायचे की नाही हे प्रत्येक मांजराची स्थिती बघून ठरवा असं आहे, कारण मशीनच्या बारीक ओरखड्यांतून संसर्ग अंगभर पसरू शकतो. पोटातून औषध, बाहेरून औषधी आंघोळ आणि घराची साफसफाई, हे तिन्ही लागतंच, फंगसचे बीजाणू घरात वर्षभराहून जास्त तग धरू शकतात. साफसफाईला फिनाईल मात्र नको, मांजर पंजे चाटतं आणि ते त्याला विषारी आहे. हा बदल सगळ्या पार्लरांपर्यंत पोचलेला नाही, आजही चट्टा दिसला की पहिला हात मशीनकडे जातो.

मग मार्च २०२० चा लॉकडाऊन. पार्लरं बंद, दवाखाने फक्त गरजेपुरते. ग्रुपवर लोकांनी नवऱ्याच्या दाढीच्या ट्रिमरने केलेल्या कटचे फोटो टाकले, काही बघवत नव्हते. पण त्याच महिन्यांत उलटंही घडलं. माणसं दिवसभर घरी, मांजर मांडीवर, आणि बऱ्याच जणांनी पहिल्यांदाच नीट विंचरायला शिकून घेतलं. वरवर ब्रश फिरवून काही होत नाही, कातडीपर्यंत भांग पाडत जावं लागतं, एका हाताने केस दाबून धरायचे आणि दुसऱ्याने खालून थोडे थोडे सोडवायचे, स्टीलचा कंगवा, एक बाजू विरळ आणि एक दाट. कानामागे, काखेत, जांघेत आणि शेपटीच्या मुळाशी, गुंता आधी तिथे होतो. बोटाला मुगाएवढा दाणा लागला की तो सुटतो, बोराएवढा झाला की सुटत नाही. दाणा असेल तर थोडा कॉर्नफ्लॉवर चोळायचा आणि बोटांनीच उकलायचा, टाल्कम पावडर नको, ती श्वासात जाते. पाच मिनिटं झाली की शेपूट आपटायला लागते, तिथे थांबायचं, उरलेलं उद्या. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी रोज बघून बघून शिकल्या, आता माझ्यापेक्षा त्यांच्या हाताखाली ती जास्त शांत बसते, आणि निघालेल्या केसांचा गोळा त्या मला मोजून दाखवतात, आज लिंबाएवढा, काल आवळ्याएवढा.

लॉकडाऊननंतर फक्त मांजरांचं करणारे, घरी येणारे ग्रूमर दिसायला लागले, त्यातले काही खरंच चांगले आहेत, आधी अंगभर हात फिरवून गाठी शोधतात आणि मग विचारतात काय करायचं. त्यांच्या कार्डावर ‘डीशेडिंग’ (सुटलेले केस काढणं) आणि ‘डीमॅटिंग’ (गाठी सोडवणं) वेगवेगळं लिहिलेलं असतं, सॅनिटरी ट्रिमही वेगळी. समर कटची ओळ मात्र त्यांनीही ठेवलीय. एकाला विचारलं तर म्हणाला, ताई, काढली होती, पण लोक फोन करून तेच नाव घेतात, नसेल तर दुसरीकडे जातात, म्हणून ठेवली, आणि बुकिंग आलं की आधी फोनवर विचारतो, विंचरून भागेल का ते मी येऊन बघू का?