ससेचोर आणि संत्री : एल्व्हडनच्या माळाची पार्श्वभूमी

1916 च्या उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये सफोक आणि नॉरफोक परगण्यांच्या शिवेवरचं एक भलंथोरलं शिकारीचं रान लष्कराने ताब्यात घेतलं. आतल्या लोकांना घरं-शेतं सोडायला लावली, रस्ते बंद केले, चहूकडून पहारा बसवला. जागेला नाव दिलं 'एल्व्हडन एक्स्प्लोझिव्ह्ज एरिया'. म्हणजे आत स्फोटकं आहेत, लांब राहा. त्या नावामागे जगातले पहिले रणगाडे दडवलेले होते.

अशा ठिकाणी अंधारात कोण शिरेल? लष्कराच्या डोळ्यांपुढे जर्मन हेर. पण या माळावर रात्री कुंपण ओलांडणाऱ्या माणसाचा इतिहास काही शतकांचा होता आणि तो हेर नव्हता. तो ससे चोरायला यायचा. बंदूकधारी संत्री आणि खिशात फासे घेतलेला चोरटा शिकारी यांची गाठ इथे का पडावी, हे समजायला 1916 च्या बरंच मागे जावं लागतं. कारण लष्कराने गुपितासाठी नवीन कुंपण घातलं नाही. जमीनदारांनी सशा-तित्तिरांसाठी राखलेली हद्दच त्याने उचलली, आणि तिच्यासोबत तिचा जुना चोरही आला.

या भागाला ब्रेकलँड म्हणतात. रेताड जमीन, वारा उदंड, पीक यथातथाच. नॉर्मन लोकांनी इंग्लंडात आणलेला ससा मात्र इथे रुजला, कारण वाळूत बीळ खणणं सोपं. तेव्हा ससा म्हणजे बड्यांच्या पानातला पदार्थ होता, मांस आणि कातडं दोन्ही महाग. म्हणून मठांनी आणि सरदारांनी सशांची राखीव माळरानं केली. त्यांना वॉरन म्हणत. थेटफर्डजवळ अशा वॉरनच्या राखणदाराचं घर अजून उभं आहे, साधारण 1400 च्या सुमारास तिथल्या मठाधिपतीने बांधलेलं. (राखणदार म्हटल्यावर कोकणातल्या वाचकाला वेगळंच कुणी आठवेल. हा हाडामांसाचा होता.) घर म्हणायचं ते सवयीने, एरवी ती गढीच: गारगोटीच्या दगडाच्या जाडजूड भिंती, फटीएवढ्या खिडक्या, आणि दरवाजाच्या बरोबर वर एक भोक. खाली कुणी दार फोडू लागलाच तर वरून त्याच्या डोक्यात काहीबाही टाकता यावं म्हणून. सशांची राखण करणाऱ्याला असं घर लागत होतं, यावरून चोर किती आणि कसे येत असतील ते ओळखावं.

पुढे कायदे आले. 1671 च्या कायद्याने शिकारीचा हक्क वर्षाला 100 पौंड उत्पन्नाची स्वतःची जमीन असलेल्यांपुरता ठेवला. मतदानासाठी तेव्हा 40 शिलिंग, म्हणजे 2 पौंडांची जमीन पुरायची. मत देण्यापेक्षा तित्तिर मारायला पन्नासपट मालमत्ता लागते, असा टोला ब्लॅकस्टोनसारख्या कायदेपंडिताने मारून ठेवला आहे. मालमत्तेची ही अट 1831 मध्ये गेली, तोवर दुसरं हत्यार तयार होतं: 1828 चा रात्रीच्या चोरट्या शिकारीचा कायदा. त्यात रात्र म्हणजे काय तेही लिहून ठेवलं आहे: सूर्यास्तानंतर एक तासाने सुरू, सूर्योदयाआधी एक तास संपली. पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत सक्तमजुरी, दुसऱ्याला सहा, तिसऱ्याला सात वर्षं काळ्या पाण्यावर. तिघे किंवा जास्त मिळून हत्यारानिशी सापडले तर चौदा वर्षांपर्यंत. आणि यात मोठ्या शिकारीबरोबर ससाही आला.

त्याच्या एकच वर्ष आधी, 1827 मध्ये, स्प्रिंग-गन बेकायदा ठरल्या होत्या. झाडीत बंदूक रोखून ठेवायची, तिच्या घोड्याला बांधलेली तार वाटेवर ताणायची, अंधारात ज्याचा पाय अडकेल त्याला गोळी. फासे-पिंजरे फक्त चोरच लावत होता असं नाही.

आता एल्व्हडन. ही जहागीर 1863 मध्ये विकत घेतली ती महाराजा दुलीपसिंगांनी. रणजितसिंहांचा धाकटा मुलगा. 1849 मध्ये पंजाब खालसा झाला तेव्हा दहा वर्षांच्या या पोराकडून राज्यावर आणि कोहिनूरवर सही घेतली होती. इंग्रजांनी त्याला आपल्यात वाढवलं, तनखा दिला, आणि त्याने सफोकमध्ये सुमारे 17,000 एकर रान घेऊन ते इंग्लंडातल्या नावाजलेल्या शिकारीच्या जागांमध्ये नेऊन बसवलं. नेमबाजीत त्याचं नाव होतं. 1876 मध्ये एका दिवसात हजार काडतुसांत त्याने पावणेआठशेच्या वर तित्तिर पाडल्याचं सांगतात. ज्याचं राज्य घेतलं, त्याच्याच तित्तिरांच्या रक्षणासाठी सफोकच्या मजुराला तुरुंगात घालायचं, असा हा उफराटा कारभार. 1886 मध्ये महाराज हिंदुस्थानाकडे निघाले तेव्हा सरकारने त्यांना एडनला अडवलं. 1893 मध्ये पॅरिसमध्ये वारले. थडगं मात्र एल्व्हडनच्या चर्चच्या आवारात आहे आणि आजही शीख मंडळी तिथे जातात.

पुढच्याच वर्षी जहागीर गिनेस बिअरवाल्या घराण्याच्या एडवर्ड सेसिल गिनेस यांनी, म्हणजे लॉर्ड आयव्हींनी, घेतली. राजे-महाराजे शिकारीला येऊ लागले. राखणदारांची फौजच होती.

आणि गावातला गडी? हिवाळ्यात शेतावर काम नाही, आणि कुंपणापलीकडे बागडणारं मांस. त्याची हत्यारं साधी. पितळी तारेचे पीळ देऊन केलेला फासा, एका टोकाला खुंटी, सशाच्या वाटेवर मुठीएवढ्या उंचीवर धरलेला. बिळात सोडायला फेरेट, आपल्या मुंगसाच्या चणीचं जनावर. रात्री मोठं काम करायचं तर वाघूर: बिळं आणि चराईची जागा यांच्यामध्ये शेकडो हात लांब जाळं ताणायचं आणि ससे चरायला गेले की त्यांना उलटं पळवायचं. यासाठी रात्र काळोखी हवी आणि वारा सुटलेला हवा, म्हणजे आपली चाहूल लागत नाही. लर्चर प्रकारचा संकरित कुत्रा लागतो, वेगवान आणि मुख्य म्हणजे न भुंकणारा. अशा माणसाला राखणदारांच्या फेऱ्यांची वेळ, कुंपणातली प्रत्येक फट आणि कोणत्या चरातून आवाज न करता जाता येतं हे हाताच्या रेषांसारखं पाठ असायचं.

1916 च्या जूनमध्ये याच रानात रणगाडे शिकायला आले. फेब्रुवारी 1915 मध्ये चर्चिल यांच्या पुढाकाराने नौदल खात्यात 'लँडशिप' (जमिनीवरचं जहाज) समिती बसली, लिंकन शहरातल्या शेती-यंत्रांच्या कारखान्यात सांगाडा तयार झाला, आणि 1916 च्या जानेवारी-फेब्रुवारीत चाचण्या झाल्या. त्या कुठे? लॉर्ड सॉल्सबरींच्या हॅटफील्ड पार्कमध्ये. म्हणजे परत एका जमीनदाराचं खाजगी रान. हे योगायोगाचं नाही. दाट वस्तीच्या दक्षिण इंग्लंडात अठ्ठावीस टनांचं धूड कुणाच्या नजरेस न पडता फिरवायचं तर जागा कुठली? जिथून सामान्य माणसाला आधीच हाकलून दिलेलं आहे, ती.

गुप्ततेसाठी 'टँक' हे नावही असंच निघालं. कारखान्यातल्या कामगारांनी पाण्याची टाकी समजावं म्हणून. काहींच्या अंगावर तर रशियन लिपीत 'जपून, पेट्रोग्राडला' अशी अक्षरं रंगवली. आपण मराठीत 'रणगाडा' म्हणतो, त्यामुळे या थापेचा मासला आपल्या भाषेत उतरलाच नाही.

रणगाडे रात्री आगगाडीने बार्नहॅम स्टेशनात उतरत आणि तिथून माळावर. आत पायोनियर पलटणींनी खंदक, तारा, खड्डे खणून फ्रान्समधली आघाडीच उभी केली होती. पहाऱ्याला रॉयल डिफेन्स कोअर होती. ही पलटण त्याच वर्षी झालेली, आघाडीवर धाडता येणार नाहीत अशा वयस्क किंवा अधू शिपायांची. जवळच्या गावांत बोलवा उठली की आत थेट जर्मनीपर्यंत भुयार खणताहेत. लष्कराने ती मोडून काढायची घाई केली नाही.

आता दोघांना समोरासमोर आणून पाहा. वारा सुटलेली रात्र. पन्नाशीचा संत्री, डोळे अधू, बोट घोड्यावर. समोर झाडीतून सरपटत येणारा, खिशात तार, कोटाच्या आत दोन मेलेले ससे. जुना राखणदार असता तर त्याने चेहरा ओळखला असता, बापाचं नाव घेऊन दोन शिव्या घातल्या असत्या आणि सकाळी दंडाधिकाऱ्यापुढे उभं केलं असतं. संत्र्याला चेहरा ओळखीचा नाही. आणि पकडलेल्याची खरी अडचण पुढेच आहे. चोरी कबूल करावी तर तुरुंग, न करावी तर इथे अंधारात काय करत होतास? इतर वेळी ससे लपवणारा माणूस इथे स्वतःहून ससे काढून दाखवेल, कारण हेर ठरण्यापेक्षा चोर ठरणं परवडलं.

का परवडलं, ते 1911 च्या गोपनीयता कायद्यात आहे. ऑगस्ट 1911 मध्ये, जर्मनीशी तणातणी चालू असताना, ब्रिटिश कॉमन्स सभेने हा कायदा एका दुपारीत, तासाभराच्या आत मंजूर केला. त्यात 'निषिद्ध जागा' ही कल्पना होती: देशाच्या सुरक्षेला बाधक हेतूने तिथे जाणं, जवळ फिरकणं, पाहणी करणं हाच गुन्हा. शिक्षा तीन ते सात वर्षं सक्तमजुरीची कैद. आणि हेतू सिद्ध करायचा कसा? आरोपीने बाधक असं एखादं विशिष्ट कृत्य केलं हे दाखवायची गरजच नाही. परिस्थिती, त्याचं वागणं किंवा त्याचं 'ज्ञात चारित्र्य' यांवरून तसा हेतू दिसला तरी पुरे. सशांसाठी दोनदा तुरुंगात जाऊन आलेल्याचं ज्ञात चारित्र्य काय असणार! 1914 च्या ऑगस्टमध्ये डिफेन्स ऑफ द रेल्म, म्हणजे देशरक्षणाचा, कायदा आला आणि लष्कराचे हात आणखी मोकळे झाले.

'ज्ञात चारित्र्य' हे दोन शब्द मराठी वाचकाला खटकायला हवेत. त्याच 1911 साली इंग्रज सरकारने हिंदुस्थानात गुन्हेगार जमातींचा कायदा नव्याने करून सगळ्या देशाला लागू केला. पहिला होता 1871 चा. महाराष्ट्रात त्याचा वरवंटा ज्यांच्यावरून फिरला त्यांत फासेपारधी होते, आणि त्यांचं नावच फाशावरून पडलेलं. तित्तिर-लाव्यांसाठी वाटेवर फाशांची ओळ लावणारे, सशा-हरणांसाठी वाघूर ताणणारे. हत्यारं सफोकच्या गड्याचीच, फरक एवढाच की त्याचं चारित्र्य निदान त्याच्या नावावर जमा व्हायचं. पारध्याचं ते जन्माबरोबर लिहिलं जायचं. हा कायदा रद्द झाला 1952 मध्ये. शिक्का अजून पुसलेला नाही, हे कोणत्याही पारधी वस्तीत विचारावं.

गोपनीयतेचा कायदाही आपल्याकडे आला, 1923 मध्ये. निषिद्ध जागा आहे, ज्ञात चारित्र्यही आहे, तिसऱ्या कलमात, जवळपास त्याच शब्दांत, आणि हा कायदा अजून चालू आहे. संत्र्याची आरोळीसुद्धा आपण घेतली. 'हू कम्स देअर'चं देशी शिपायांच्या तोंडी 'हुकुमदार' झालं. रणगाड्यांचं शिक्षण अहिल्यानगरला आलं. तिथल्या रणगाडा संग्रहालयात, 1994 मध्ये उघडलेल्या, रोल्स-रॉइस चिलखती गाडीपासून जिंकून आणलेल्या पॅटनपर्यंत सगळं सुट्टीत मुलं पाहतात. जवळच खारे-कर्जुनेची गोळीबाराची माळरानं आहेत. तिथे हद्दीत शिरणारा ससे शोधत नाही, भंगार शोधतो. उडालेल्या गोळ्यांचं पितळ-तांबं किलोवर विकलं जातं, आणि न उडालेला गोळा हाताला लागून माणसं मेलीही आहेत.

एल्व्हडनचं गुपित फार टिकायचंच नव्हतं. 15 सप्टेंबर 1916 ला फ्रान्समधल्या सोमच्या आघाडीवर फ्लेर-कुर्सलेतला रणगाडे उतरले. नेमून दिलेले 49, सुरुवातीच्या रेषेपर्यंत पोचले तीसेक. जर्मन चकित झाले, म्हणजे माळाने तोंड उघडलं नव्हतं. पण त्या दिवसापासून झाकायला काही उरलं नाही.

माळाला मात्र गुपितांची सवयच लागली. 1942 मध्ये थेटफर्डच्या उत्तरेला सरावाच्या मैदानासाठी सहा गावं रिकामी केली. लोक परत आलेच नाहीत. पहिले रणगाडे जिथे उतरले त्या बार्नहॅमला 1950 च्या दशकात ब्रिटनच्या पहिल्या अणुबॉम्बचं, 'ब्लू डॅन्यूब'चं, कोठार झालं. बॉम्बचा गाभा ठेवायला छोट्या खोपटांच्या रांगा, भोवती दुहेरी कुंपण, पहाऱ्याचे मनोरे. 1963 मध्ये तेही बंद पडलं. आज त्या आवारात लहानसहान कारखान्यांचे गाळे आहेत. 1828 चा रात्रीच्या शिकारीचा कायदा इंग्लंडात अजून लागू आहे, आणि त्यातली रात्र अजूनही सूर्यास्तानंतर एक तासाने सुरू होते.