कालवडीचे रक्त आणि गर्भाशयाचा निरोप

गाय साधारण दर 21 दिवसांनी माजावर येते. ती गाभण राहिली नसेल, तर सतराव्या दिवसाच्या सुमारास अंडाशयातील पीतपिंड (बीज सुटल्यावर तिथे तयार होणारी, गर्भधारणेला पोषक संप्रेरक स्रवणारी तात्पुरती ग्रंथी) विरघळू लागतो आणि पुढच्या माजाची वाट मोकळी होते. यामागे गर्भाशयाचा हात असतो, हे 1923 मध्ये लिओ लोब यांनी दाखवले होते: गर्भाशय काढून टाकलेल्या गिनीपिगचा पीतपिंड नेहमीची मुदत उलटल्यावरही टिकून राहिला. गर्भाशय अंडाशयाला नेमका काय निरोप पाठवते, हे समजायला मात्र जवळजवळ पन्नास वर्षे लागली. 1972 मध्ये जॉन मॅक्रॅकन व सहकाऱ्यांनी मेंढीवरील प्रयोगांतून मांडले, की तो निरोप म्हणजे प्रोस्टाग्लँडिन एफ-2-अल्फा हे संप्रेरक, आणि तो गर्भाशयाच्या शिरेतून लगतच्या अंडाशयाच्या धमनीत थेट उतरतो.

तो मोजणे मात्र फार अवघड होते. हा पदार्थ रक्तात मिनिटभरही धड टिकत नाही, फुप्फुसांतून एकदा फिरताच त्याचा बहुतांश भाग निकामी होतो. शिवाय काढलेले रक्त गोठू लागले की त्यातील बिंबिका (प्लेटलेट्स) स्वतःच प्रोस्टाग्लँडिन तयार करतात, त्यामुळे हाती आलेला आकडा जनावराच्या शरीरातला की नळीतला, हे सांगता येत नाही. माझ्या मते या इतिहासातला सर्वांत शहाणपणाचा निर्णय येथेच झाला. स्वीडनमधील एलिझाबेथ ग्रानस्ट्रॉम आणि बेंग्ट सॅम्युएल्सन यांनी मूळ संप्रेरकाचा नाद सोडून, त्याच्या विघटनातून रक्तात उरणारा मेटाबोलाइट किरणोत्सारी प्रतिक्षम चाचणीने (किरणोत्सारी खूण आणि प्रतिपिंडे वापरून अत्यल्प पदार्थ मोजणाऱ्या रेडिओइम्युनोअ‍ॅसेने) मोजण्याची पद्धत विकसित केली. हा पदार्थ नळीत आपोआप तयार होत नाही आणि माणसात त्याचा अर्धायुकाल, म्हणजे रक्तातील प्रमाण निम्मे होण्यास लागणारा वेळ, सुमारे 8 मिनिटे भरतो.

1976 मध्ये हान्स किंडाल व सहकाऱ्यांनी हीच मोजणी कालवडींवर केली. मानेच्या शिरेतून वरचेवर घेतलेल्या नमुन्यांत हा मेटाबोलाइट सलग वाढत गेला नाही; दोन-तीन दिवसांत तो काही तासांच्या उसळ्यांनी वर-खाली होत राहिला, आणि त्याच काळात पीतपिंडातून स्रवणारे प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक घसरले. दिवसातून एकदाच रक्त घेतले असते, तर यातल्या बहुतेक उसळ्या निसटल्या असत्या. गाभण गायीत, भ्रूण आपल्या अस्तित्वाची खूण गर्भाशयाला देत असल्यामुळे, त्या दिवसांत अशा ठळक उसळ्या उमटत नाहीत. व्यायल्यानंतर मात्र या मेटाबोलाइटची पातळी बरेच दिवस उंच राहते, म्हणून जार अडकणे आणि गर्भाशयदाह यांच्या अभ्यासातही पुढे तिची मोजणी होऊ लागली.