चक्रीवादळांचा माग आणि पूर्वानुमान

उष्ण समुद्रावर तयार होणाऱ्या चक्रीवादळाचे केंद्र, वाटचाल आणि जोर सतत टिपत राहून ते कुठे, कधी आणि किती तीव्रतेने किनाऱ्यावर धडकेल हे आगाऊ सांगण्याची पद्धत. बंगालचा उपसागर आणि अरबी समुद्र यांच्यासाठी हे काम भारतीय हवामान विभागाचे दिल्लीतील प्रादेशिक केंद्र पाहते. वादळांना नावेही हेच केंद्र देते. १३ देशांनी सुचवलेल्या १६९ नावांची सध्याची यादी २०२० मध्ये जाहीर झाली.

वादळ जन्माला यायला समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान साधारण २६.५ अंश सेल्सिअसच्या वर लागते. नुसता पृष्ठभाग तापून भागत नाही, ती ऊब सुमारे ५० मीटर खोलीपर्यंत असावी लागते. नाहीतर वादळच पाणी घुसळून खालचे थंड पाणी वर आणते आणि स्वतःचा जोर घालवते. शिवाय वातावरणाच्या वरच्या आणि खालच्या थरांतील वाऱ्यांत फार तफावत असून चालत नाही. ऐन पावसाळ्यात ही तफावत मोठी असते, म्हणून आपल्याकडे चक्रीवादळे मुख्यतः पावसाळ्याआधी एप्रिल ते जूनच्या सुरुवातीपर्यंत आणि नंतर ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये येतात.

वादळाच्या पोटात विमान पाठवून मोजमापे घेण्याची नियमित सोय भारताकडे नाही. त्यामुळे भर समुद्रातल्या वादळाचा जोर मुख्यतः उपग्रहाच्या चित्रावरून ताडावा लागतो. यासाठीची पद्धत व्हर्नन ड्व्होराक या अमेरिकी हवामानशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात बसवली. इन्सॅट उपग्रहाचे चित्र समोर घेऊन पूर्वानुमानकार ढगांचा वळणदार पट्टा केंद्राभोवती किती गुंडाळला गेला आहे ते सर्पिल आकृती लावून मोजतो. डोळा, म्हणजे केंद्रातली ढग नसलेली मोकळी जागा, उघडला असेल, तर त्यातले तापमान आणि भोवतालच्या ढगमाथ्यांचे तापमान यांतला फरक पाहतो. त्यावरून १ ते ८ पर्यंतचा टी-क्रमांक ठरतो. २.५ म्हणजे चक्रीवादळ, ४ म्हणजे अतितीव्र चक्रीवादळ. एकाच चित्रावरून दोन अनुभवी माणसांचे आकडे अर्ध्या अंकाने वेगळे येऊ शकतात. उपग्रहावरचे स्कॅटरोमीटर (समुद्रावरचा वारा मोजणारे उपकरण), समुद्रातले तरंगते बोये, जहाजांच्या नोंदी आणि वादळ टप्प्यात आल्यावर किनाऱ्यावरचे, वाऱ्याचा वेगही टिपणारे डॉप्लर रडार यांच्याशी हा अंदाज ताडून पाहतात.

वाऱ्याचा वेग ताशी ३१ किमीला पोचला की ‘डिप्रेशन’ (चक्रीवादळाआधीची कमी दाबाची अवस्था), ६२ किमीला चक्रीवादळ आणि २२२ किमीपासून पुढे महाचक्रीवादळ. नाव मिळते ते ६२ किमीच्या टप्प्यावर.

पुढचा मार्ग संगणकीय प्रारूपांवरून काढतात. वेगवेगळ्या प्रारूपांच्या रेषा जवळजवळ असल्या तर भरवसा वाढतो, फाकल्या तर कमी होतो. नकाशावर दिसणारा पुढे रुंदावत जाणारा शंकू केंद्र कुठे असू शकेल एवढेच दाखवतो. शंकूबाहेरच्या गावांना वारा लागणार नाही असा त्याचा अर्थ नव्हे. २४ तास आधीच्या अंदाजात केंद्राची जागा अलीकडच्या वर्षांत सरासरी ८० किमीच्या आसपास चुकते. पूर्वीच्या मानाने ही मोठी प्रगती असली, तरी कोकणात एवढ्या अंतरात एखादा तालुका वाचतो आणि दुसरा उद्ध्वस्त होतो.

२०२० चे ‘निसर्ग’ हे त्याचे ठळक उदाहरण. ते ३ जूनच्या दुपारी हरिहरेश्वर ते दमण यांच्या दरम्यान, अलिबागजवळ किनारा ओलांडेल असा अंदाज आदल्या दिवशी होता. ते अलिबागच्या दक्षिणेला धडकले, म्हणजे अंदाज खरा ठरला. पण लोकांचे डोळे मुंबईकडे लागले होते आणि घरे, नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या त्या श्रीवर्धन, दिवेआगर, दापोलीकडे. आपल्या गोलार्धात वादळाच्या वाटचालीच्या उजव्या बाजूला फिरण्याचा आणि पुढे सरकण्याचा वेग एकत्र होतो. ईशान्येकडे निघालेल्या वादळाची उजवी बाजू म्हणजे कोकणासाठी दक्षिणेची. मुंबई डावीकडे राहिली. म्हणून केंद्र कुठे धडकणार याइतकेच आपण त्याच्या कोणत्या बाजूला आहोत हे विचारणे महत्त्वाचे.

बंदरावरच्या बावट्यांत ही समज जुन्या काळापासून आहे. तीन नंबरचा बावटा कोकणातल्या मासेमारांच्या ओळखीचा : बंदरावर सोसाट्याचा वारा सुटण्याची शक्यता. पाच ते दहा नंबरांत मात्र धोक्याच्या मोठेपणाबरोबर वादळ बंदराच्या कोणत्या बाजूने जाणार, की थेट बंदरावरून, हेही सांगितलेले असते. अकरा नंबरचा अर्थ इशारा देणाऱ्या कचेरीशी संपर्कच तुटला.

अंदाज लोकांपर्यंत वेळेत पोचला तर काय होते हे ओडिशाने दाखवले. १९९९ च्या महाचक्रीवादळात सुमारे दहा हजार माणसे गेली. २०१३ मध्ये ‘फायलिन’ गोपाळपूरजवळ धडकण्याआधी लाखो लोक हलवले गेले आणि मृतांचा आकडा शंभराच्या आत राहिला.

मार्गापेक्षा तीव्रतेचा अंदाज अजूनही कठीण आहे, त्यातही झपाट्याने बळावणाऱ्या वादळाचा. २०१७ मध्ये ‘ओखी’ कन्याकुमारीजवळ एका दिवसात डिप्रेशनचे चक्रीवादळ झाले. केरळ-तामिळनाडूचे मासेमार त्याआधीच खोल समुद्रात होते आणि मोबाईलची रेंज किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर संपते. अनेक जण परतले नाहीत. कित्येक होड्या भरकटत थेट सिंधुदुर्गच्या किनाऱ्याला लागल्या. त्यानंतर उपग्रहामार्फत इशारा पोचवणारे ‘जेमिनी’ उपकरण आले. ते एकमार्गी आहे : होडीला संदेश मिळतो, पण तिथून उत्तर देता येत नाही. दुतर्फा संदेशाची सोय इस्रोच्या दुसऱ्या पिढीच्या संकटसूचक यंत्रात आहे.