दळणासोबत वाचा: रोजचं ताट आणि बाईचे हार्मोन्स

‘डॉक्टरांनी पीसीओडी सांगितलाय, आता कोणतं पीठ खाऊ?’ असं विचारणाऱ्या ताई-वहिनींसाठी हे पत्रक आहे. पीसीओडी म्हणजे हार्मोन्सचा तोल बिघडून पाळी अनियमित होण्याचा अंडाशयांचा त्रास. थायरॉईडची गोळी चालू असलेल्यांनी आणि पाळी जायच्या वयात आलेल्यांनीही वाचावं. पीठ बदलून फरक पडतो. पिठासोबत काय खाता आणि कधी खाता, याने त्याहून जास्त पडतो.

साखरेचा पाळीशी काय संबंध?

मैदा, साखर, साबुदाणा पोटात लवकर पचतात. रक्तातली साखर झपकन चढते आणि ती उतरवायला शरीर इन्सुलिन सोडतं. पीसीओडी असलेल्या अनेक जणींचं शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही, म्हणून ते आणखी जास्त सोडावं लागतं. वाढलेलं इन्सुलिन अंडाशयांना पुरुषी हार्मोन्स जास्त बनवायला लावतं. शिवाय या हार्मोन्सना बांधून ठेवणारं प्रथिन यकृतात कमी तयार होतं. मग हनुवटीवर केस, मुरुमं, लांबत जाणारी पाळी. वजन जास्त असेल तर 5 ते 10 टक्के उतरलं तरी बऱ्याच जणींची पाळी मार्गी लागते. 70 किलोच्या बाईसाठी साडेतीन ते सात किलो. पीसीओडी सडपातळ मुलींनाही असतो. त्यांनी उपाशी राहू नये, कारण फार कमी खाल्लं की मेंदू पाळीचे संदेश पाठवणंच थांबवतो.

सुरुवात चहा आणि नाश्त्यापासून

दोन चमचे साखरेचा एक चहा म्हणजे साधारण 10 ग्रॅम साखर. दिवसात चार कप झाले की 40 ग्रॅम. 25 ग्रॅमच्या आत राहिलं तर उत्तम. गुळाने हिशोब बदलत नाही, गूळही बहुतांश साखरच आहे.

55 किलोच्या बाईला दिवसाला साधारण 46 ग्रॅम प्रथिनं लागतात. नुसते कांदेपोहे खाल्ले की अकरा वाजता पुन्हा भूक लागते. त्यात मूठभर शेंगदाणे आणि वाटीभर मोडाची मटकी घाला, किंवा सोबत दोन अंडी घ्या. आपली मिसळ वाईट नाही, मटकी हाच तिचा जीव आहे. उसळ दुप्पट, फरसाण चिमूटभर, तर्री वरून थोडी, पाव एकच, सोबत दही, अशी मागा. जेवणानंतर 10-15 मिनिटं चाललात तर साखर कमी चढते.

उपवासाला साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च. भगर आणि दाण्याची आमटी, सोबत ताक, हे ताट कितीतरी चांगलं.

नागली, बाजरी, ज्वारी

नागलीत (म्हणजे नाचणीत) 100 ग्रॅमला साधारण 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, म्हणून नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाणा-पेठकडची नागली आम्ही आग्रहाने सांगतो. पण वस्त्रगाळ सत्त्वात कोंडा निघून जातो, आणि त्याची गूळ घातलेली पातळ खीर साखर लवकर चढवते. कोंड्यासकट पिठाची भाकरी करा, किंवा पीठ रात्रभर ताकात भिजवून आंबील करा; आंबवल्याने लोह शोषायला आड येणारं फायटेट कमी होतं. ‘नागली बिस्किटा’च्या पुड्यावरचे घटक वाचा. मैदा आणि साखर पहिल्या दोन जागांवर असतील तर ते बिस्कीटच.

भाकरीच्या 5 किलो दळणाला ज्वारी 3 किलो, नागली दीड किलो, हरभरा अर्धा किलो घ्या. चपातीच्या 5 किलो पिठात 500 ग्रॅम हरभरा चालतो. कोंडा चाळून टाकू नका.

लोह

पाळी येणाऱ्या बाईची लोहाची गरज दिवसाला 29 मिलिग्रॅम, पुरुषाची 19. पालेभाजी-भाकरी खाऊन लगेच चहा घेतला की त्यातलं टॅनिन लोह अडवतं. तासभर थांबा. जेवताना लिंबू पिळा, किंवा आवळा, पेरू खा.

जवस

भाजून, कुटून, दिवसाला एक मोठा चमचा. अख्खं जवस बहुतेक तसंच बाहेर पडतं. कुटलेलं लवकर खवट होतं, म्हणून आठवड्यापुरतंच कुटा आणि फ्रिजमध्ये ठेवा. पाणी भरपूर प्या. रक्त पातळ करायची गोळी किंवा स्तनाच्या कॅन्सरचे उपचार चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. महिन्याच्या अर्ध्या-अर्ध्या भागात बिया बदलून खाल्ल्या की पाळी नियमित होते, असं सांगितलं जातं. त्याला भक्कम पुरावा नाही, म्हणून तसे संच आम्ही विकत नाही.

थायरॉईड

गोळी उपाशीपोटी, साध्या पाण्यासोबत; चहा-नाश्ता त्यानंतर अर्ध्या ते एका तासाने. लोह-कॅल्शियमच्या गोळ्यांत चार तासांचं अंतर हवं. हे अंतर चुकलं की गोळी नीट शोषली जात नाही आणि डोस वाढवत बसावं लागतं. कोबी-फ्लॉवर शिजवून खायला हरकत नाही. रोज भरपूर बाजरी खाणाऱ्या घरात मात्र मीठ आयोडीनयुक्तच हवं, कारण बाजरीतले काही घटक थायरॉईडला आयोडीन वापरू देत नाहीत. सैंधवात ते जवळपास नसतं. मीठ झाकून ठेवा.

पाळी गेल्यावर

इस्ट्रोजेन घटलं की हाडं झपाट्याने विरळ होतात. कॅल्शियम 1,200 मिलिग्रॅमपर्यंत न्या: दूध, दही, नागली, न सोललेले तीळ. सोबत ऊन आणि चालणं.

हे आहाराने सुटणार नाही, डॉक्टरांकडे जा

पाळी तीन महिने आली नाही (आधी गर्भधारणेची चाचणी करा), सात दिवसांहून जास्त रक्तस्राव, तासाला पॅड बदलावा लागणं, पाळी गेल्यावर पुन्हा डाग दिसणं. मधुमेहाचं औषध चालू असेल तर आहार बदलताना डोस विचारून घ्या. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी वर्षानुवर्षं घेणाऱ्यांनी, विशेषतः शाकाहारी असाल तर, बी-12 तपासून घ्यावं.

बाजरीचं पीठ आठवड्यानंतर कडू होऊ लागतं. एका वेळी दोन किलोच दळून न्या, पावसाळ्यात एकच.