पुलावरची सर

लाकडी पूल, त्यावर अंग चोरून पळणारी माणसं. कुणी छत्रीत डोकं खुपसलंय, एकाने चटईच डोक्यावर घेतलीय. खाली नदीत एकटा माणूस ओंडक्यांचा तराफा रेटतोय. आणि या सगळ्यावर तिरक्या, बारीक रेघांचा पाऊस. उतागावा हिरोशिगे या जपानी चित्रकाराचं, कोरलेल्या लाकडी फळ्यांवरून छापलेलं हे छापचित्र १८५७ सालचं, 'एदोची शंभर प्रसिद्ध दृश्यं' या मालिकेतलं. जपानी शीर्षकात 'यूदाची' असा शब्द आहे. उन्हाळ्यात संध्याकाळी अचानक कोसळणारी सर म्हणजे यूदाची; आपल्या वळवाची बहीणच.

एदो म्हणजे आजचं टोकियो, नदी सुमिदा, पूल शिन-ओहाशी. पलीकडच्या करड्या काठाला आताके म्हणत, शोगुनच्या, म्हणजे जपानच्या लष्करी शासकाच्या, अवाढव्य युद्धनौकेवरून. ती नौका १६८२ मध्येच मोडीत निघाली, नाव तेवढं उरलं. नोव्हेंबर १८५५ च्या भूकंपात एदोची दाणादाण उडाली आणि काही महिन्यांतच ही मालिका बाजारात यायला लागली. पडझड झालेल्या शहरात शहराचीच चित्रं विकायला काढणाऱ्या प्रकाशकाच्या धाडसाला दाद द्यायला हवी.

जपानमध्ये बहुरंगी छपाई रुळली ती १७६५ च्या सुमारास. तेव्हा खप होता तो काबुकी नाटकांतल्या नटांच्या आणि कलावंतिणींच्या चित्रांना. निसर्ग मागे कुठेतरी असायचा. १८३० नंतर होकुसाई या चित्रकाराच्या फुजी पर्वताच्या चित्रांनी आणि पाठोपाठ हिरोशिगेच्या तोकाइदो रस्त्यावरच्या मुक्कामांनी तो पुढे आणला. त्याला हातभार लागला परदेशी निळ्या रंगाचा. हा रंग मूळचा बर्लिनचा, म्हणून जपानीत 'बेरो-आइ', बर्लिनची नीळ. पाणी आणि आभाळ रंगवायला तो हाताशी आला. १८४२ मध्ये सरकारने नट-कलावंतिणींच्या चित्रांवर बंदी घातली, तीही निसर्गचित्रांच्या पथ्यावर पडली.

चित्रावर सही एकट्या हिरोशिगेची असली तरी हा पाऊस मला कोरणाऱ्याचा वाटतो. चित्रकार पातळ कागदावर रेखाटन करून देई. ते चेरीच्या फळीवर उलटं चिकटवून त्यावरूनच कोरायचं, म्हणजे मूळ रेखाटन कामातच संपलं. 'ओरिजिनल' म्हणून जपून ठेवायला काही उरतच नाही. शिवाय रेघ उठावात ठेवायची, तर तिच्या दोन्ही बाजूंचं लाकूड काढून टाकावं लागतं. केसाएवढी रेघ, फूटभर लांब, मध्ये एकदाही तुटता कामा नये. इथे तर पावसाच्या फळ्या दोन, दोन्हींचा तिरकेपणा किंचित वेगळा. त्यामुळे सर दाट वाटते, वाऱ्याने हलल्यासारखी.

मग छापणारा. प्रत्येक रंगाला वेगळी फळी, कागद दर वेळी त्याच खाचेत बसवायचा, वरून बांबूच्या सालीत गुंडाळलेल्या चकतीने घासायचं. माथ्यावरचा काळा ढग तर फळीवर कोरलेलाच नाही. ओल्या फळीवर शाई पुसत पुसत ती छटा हाताने उतरवायची. तिला 'बोकाशी' म्हणतात. म्हणून प्रत्येक प्रतीत ढग थोडा निराळा.

१८५८ मध्ये हिरोशिगे गेला. त्या वर्षी एदोत कॉलऱ्याची साथ होती. मालिका पुढेही निघत राहिली, शंभराची ११९ चित्रं झाली. १८८७ मध्ये पॅरिसमध्ये व्हॅन गॉगने या पुलाची तैलरंगात नक्कल केली आणि भोवती जपानी अक्षरांची चौकट रंगवली. पाणी त्याने आणखी हिरवं-निळं केलं, ते छान दिसतं. पाऊस मात्र ब्रशाच्या फटकाऱ्यांचा झाला, जाडसर.