कूलरची हवा आणि दप्तरांची कसर

“जळगाव-भुसावळच्या उन्हात माणूस तग धरत नाही, तिथे कीड काय धरणार?” खानदेशात जुन्या पोथ्यांचा विषय निघाला की हे वाक्य हमखास ऐकू येते. त्यात अर्धे तथ्य आहे. उरलेल्या अर्ध्याने मात्र दप्तरांचे, म्हणजे जुन्या कागदपत्रांच्या गठ्ठ्यांचे, नुकसान होते. इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे यांच्या १९२६ मधील निधनानंतर धुळ्यात उभे राहिलेले संशोधन मंडळ आणि रामदासी संप्रदायाची बाडे (हस्तलिखिते) सांभाळणारे तिथलेच समर्थ वाग्देवता मंदिर यांची नावे सर्वपरिचित आहेत; परंतु या प्रांताचा लिखित वारसा गावोगावचे वाडे, मठ आणि जुनी वाचनालये यांतही विखुरलेला आहे. तो टिकवण्याचा प्रश्न कीटकनाशकाच्या फवारणीपेक्षा हवेतल्या पाण्याशी अधिक निगडित आहे.

उष्णतेने किडे मरतात, हे खरे. परंतु त्यासाठी कागदाच्या गाभ्यापर्यंत साधारण ५५ अंश सेल्सिअस तापमान काही काळ टिकावे लागते. बाहेर पारा ४४ वर गेला तरी जाड भिंतींच्या खोलीत, कापडात बांधलेल्या बासनाच्या पोटात ते त्याच्या जवळपासही पोहोचत नाही. पोथी उचलून थेट उन्हात ठेवली, तर कागदातील ओलावा झपाट्याने उडून पाने वाकतात, ठिसूळ होतात, रंगीत शाई फिकी पडते, आणि आतली अंडी बहुधा शाबूत राहतात. खानदेशी उन्हाळ्याचा खरा उपकार त्याच्या कोरडेपणात आहे.

जुनी वही उघडल्यावर पानावरून तुरुतुरु पळणारा, जेमतेम मिलिमीटरभर लांबीचा फिकट ठिपका अनेकांनी पाहिला असेल. ही पुस्तकातील ऊ. डोक्यातील उवांशी तिचे नाते आहे, पण ती चावत नाही. कागदावरची अतिसूक्ष्म बुरशी आणि खळ यांवर ती जगते. एवढ्याशा देहाला पृष्ठभाग मोठा आणि साठा लहान, त्यामुळे शरीरातील पाणी सतत उडत असते, आणि कपाटात प्यायला पाण्याचा थेंबही नसतो. मग ती जगते कशी? ती हवेतली वाफ पिते. तिच्या तोंडात जिभेसारख्या भागाखाली दोन चिमुकल्या तबकड्या असतात. त्या ती बाहेर काढते, तेव्हा त्यांवर एका विशिष्ट द्रवाचा पातळ थर असतो. पावसाळ्यात मिठाला जसे पाणी सुटते, तसा हा द्रव हवेतील बाष्प ओढून घेतो, आणि घशातील पंपासारखे स्नायू ते पाणी बारीक नळ्यांतून आत खेचतात. ही किमया मात्र एका मर्यादेपर्यंतच चालते. सापेक्ष आर्द्रता, म्हणजे हवेत मावू शकणाऱ्या वाफेपैकी प्रत्यक्षात असलेला हिस्सा, साधारण ६० टक्क्यांच्या खाली गेली की द्रवाला बाष्प ओढता येत नाही, तबकड्या आत घेतल्या जातात, आणि खर्च चालू पण जमा बंद अशा अवस्थेत ती काही आठवड्यांत वाळून मरते. चंदेरी कसरीच्या (सिल्व्हरफिशच्या) कुळातील काही कीटक हेच काम तोंडाऐवजी गुदाशयाने करतात, हे वाचून कोणाला हसू आले तरी यंत्रणा तितकीच अचूक आहे.

एप्रिल-मे महिन्यांत इथली हवा दुपारी १५-२० टक्के आर्द्रतेपर्यंत उतरते, म्हणजे निसर्ग फुकटात निर्जलीकरण करून देतो. आपण काय करतो? पाण्याचा कूलर लावतो. ४२ अंश आणि १५ टक्के आर्द्रतेची हवा ओल्या जाळीतून गेली की २६ अंशांच्या आसपास थंड होते, आणि तिची आर्द्रता ७० टक्क्यांच्या घरात जाते. वाचकांच्या खोलीत कूलर जरूर असावा, कारण वाचक नसतील तर ग्रंथालय कशाला. पण त्याचा झोत संग्रहाच्या खोलीत वळवणे म्हणजे किडीला पाणपोई घालून देणे होय.

पावसाळ्यात गणित उलटे फिरते. २८ अंशांच्या हवेत प्रतिघनमीटर सुमारे २७ ग्रॅम वाफ मावते. आर्द्रता ७० टक्के असेल तर प्रत्यक्षात १९ ग्रॅम असते. हीच हवा २४ अंशांच्या थंड, ओल्या बाह्यभिंतीला टेकलेल्या कपाटामागे शिरली की तिची क्षमता २२ ग्रॅमपर्यंत घटते आणि आर्द्रता ८७ टक्क्यांवर पोहोचते. खोलीच्या मधोमध टांगलेला आर्द्रतामापक तेव्हाही ७० दाखवत असतो. म्हणून कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढावे आणि मापक सर्वांत खालच्या फळीवर, मागच्या बाजूला ठेवावा.

कोरडेपणाला न जुमानणारेही आहेत. कागदात गोल भोके पाडून मागे पिठूळ भुकटी ठेवणारा लालसर तपकिरी भुंगेरा अळीच्या अवस्थेत खाल्लेल्या अन्नाच्या विघटनातूनच बरेचसे पाणी मिळवतो. त्यासाठी नव्याने आलेले प्रत्येक दप्तर आधी वेगळ्या खोलीत ठेवून तपासावे. बाधा दिसल्यास ते पॉलिथिनमध्ये हवाबंद करून उणे २० अंशांत एक-दोन आठवडे गोठवावे, आणि खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडू नये, नाहीतर दव कागदावरच जमते. चित्रे किंवा लाखकाम असलेल्या वस्तूंवर हा प्रयोग तज्ज्ञांना विचारल्याशिवाय करू नये.

दप्तर बांधण्याच्या लाल रुमालाला कीड भिते, ही समजूत अजूनही ऐकू येते. बहुतेक कीटकांना लाल रंग धड दिसतही नाही. उपयोगी पडते ती आवळून बांधलेली गाठ, कारण तिच्यामुळे धूळ आणि अंडी घालायला हवी असलेली फट दोन्ही अडतात. उघड्या फळीवरच्या डांबरगोळ्यांची वाफ किडे मरण्याइतकी साठत नाही, ग्रंथपालाच्या छातीत मात्र रोज जाते. कानाला न ऐकू येणाऱ्या ध्वनीने कीटक पळवणारी यंत्रे तर लाकडी दारापाशीच थबकतात.

त्यापेक्षा साधे चिकट सापळे बरे. किडे भिंतीच्या कडेने चालतात, म्हणून ते जमीन आणि भिंत यांच्या कोपऱ्यात, दाराशी आणि मोरीजवळ ठेवावेत, त्यांवर तारीख व जागा लिहावी आणि दरमहा कोणता किडा किती सापडला, याची नोंद वहीत करावी. हे सापळे संग्रह कीडमुक्त करत नाहीत; ते फक्त पाणी कुठून मुरते आहे आणि दाराखालची फट कुठे बुजवायची राहिली आहे, ते दाखवतात.