लेन्समधले स्थिरीकरण : हललेल्या फोटोवरच्या उपायाची पार्श्वभूमी

"फोटो हलला आहे" असे आपण सहज म्हणून जातो, पण या तीन शब्दांत दोन वेगवेगळ्या घटना एकत्र आलेल्या असतात. एकीत छायाचित्रकाराचा हात हललेला असतो, तर दुसरीत समोरचे माणूस, पाखरू किंवा पान हललेले असते. लेन्समध्ये किंवा कॅमेऱ्याच्या बॉडीत बसवलेली स्थिरीकरणाची यंत्रणा यांपैकी फक्त पहिल्या घटनेवर उपाय करते. नवी लेन्स घेताना स्थिरीकरणासाठी जास्तीचे पैसे मोजावेत की नाही, या प्रश्नाचे उत्तर गेल्या तीस वर्षांत निदान तीन वेळा बदलले आहे. ते का बदलले हे समजून घेतल्याशिवाय आजच्या लेन्सच्या माहितीपत्रकांवरची आयएस, व्हीआर, ओएसएस, व्हीसी, ओएस ही अक्षरे (वेगवेगळ्या कंपन्यांनी स्थिरीकरणाला दिलेली नावे) नीट वाचता येत नाहीत.

फिल्मच्या काळात या प्रश्नाला एक ठोकताळा पुरत असे : ३५ मिलिमीटर फिल्मच्या कॅमेऱ्यात जितक्या मिलिमीटरची लेन्स (म्हणजे तिचे नाभ्यंतर; ते जास्त तितकी लेन्स 'लांब'), सेकंदाच्या तितक्याव्या अंशापेक्षा जास्त वेळ शटर उघडे राहू नये. म्हणजे ५० मिलिमीटरला १/५० सेकंद आणि ३०० मिलिमीटरला १/३०० सेकंद. हाताचा कंप लेन्स बदलली म्हणून वाढत नाही, मात्र लांब लेन्स चित्राबरोबर त्या कंपालाही मोठे करून दाखवते, एवढाच या ठोकताळ्यामागचा तर्क होता. निरोगी माणसाच्या हातालाही सेकंदाला साधारण ८ ते १२ वेळा होणारा सूक्ष्म कंप असतोच, त्यामुळे सरावाने तो आवरता येतो, पण नाहीसा करता येत नाही. अडचण फिल्मच्या संवेदनशीलतेची होती. रंग आणि तपशील यांसाठी नावाजलेल्या पारदर्शिका (स्लाइड) फिल्म ५०, ६४ किंवा १०० एएसएच्या असत; एएसए म्हणजे संवेदनशीलतेचा आकडा, डिजिटलमध्ये त्यालाच आयएसओ म्हणतात. १०० एएसएची फिल्म आणि एफ/५.६ ॲपर्चर (लेन्सचे प्रकाश आत घेणारे छिद्र) घेऊन झाडांच्या सावलीत उभे राहिले, तर शटर १/६० सेकंदाच्या आसपासच मिळे. ३०० मिलिमीटरच्या लेन्सला लागणारा वेग याच्या पाचपट. वन्यजीव छायाचित्रकाराच्या सामानात ट्रायपॉड किंवा वाळूची अथवा धान्याची पिशवी असे ती या हिशेबामुळेच, आणि गाडीच्या काठावर ठेवायची ती पिशवी आजही ताडोबाच्या जिप्सींमध्ये दिसते.

कंपाशी यंत्राने झुंजण्याचे पहिले प्रयत्न सिनेमा आणि हवाई चित्रणाच्या क्षेत्रात झाले. हेलिकॉप्टरमधून काम करणारे लोक कॅमेऱ्याखाली वेगाने फिरणारे जड गायरोस्कोप जोडत असत. हुआन दे ला सिएर्व्हा या स्पॅनिश संशोधकाने 'डायनालेन्स' नावाचे साधन तयार केले. त्यात द्रवाने भरलेला, कोन बदलू शकणारा प्रिझम गायरोच्या इशाऱ्यावर हलून प्रकाशाची दिशा सुधारत असे. या कामाला अमेरिकेच्या चित्रपट अकादमीने १९६९ या वर्षासाठीचा तांत्रिक पुरस्कार दिला. कंप रोखण्याऐवजी तो होऊ द्यायचा आणि प्रकाशाची वाट तेवढीच उलट वळवायची, ही कल्पना इथे स्पष्टपणे दिसते, आणि पुढच्या सगळ्या यंत्रणा तिच्यावरच उभ्या आहेत. ती सामान्य ग्राहकाच्या हातात यायला मात्र कंप मोजणारा गायरो बोटाच्या पेरावर मावेल इतका लहान आणि स्वस्त व्हावा लागला. फिरणाऱ्या चाकाऐवजी कंप पावणाऱ्या सूक्ष्म पट्टीचा वापर करून हे साधले, आणि १९८८ मध्ये पॅनासोनिकने असा गायरो वापरणारा घरगुती व्हिडिओ कॅमेरा बाजारात आणला.

स्थिर छायाचित्रणात पहिले पाऊल निकॉनचे. १९९४ मध्ये आलेल्या 'झूम ७०० व्हीआर' या खिशात मावणाऱ्या फिल्म कॅमेऱ्यात लेन्सचा एक भाग कंपाच्या उलट दिशेने सरकत असे. त्या कॅमेऱ्याची लेन्स मात्र बदलता येत नव्हती. १९९५ मध्ये कॅननने ७५-३०० मिलिमीटरची आयएस झूम आणली, आणि लेन्स निवडताना स्थिरीकरणाचा विचार करायची वेळ तेव्हा प्रथम आली. या लेन्सची रचना पुढच्या बहुतेक लेन्सांना नमुना ठरली. एक गायरो कॅमेरा वर-खाली किती कलतो ते मोजतो, दुसरा डाव्या-उजव्या बाजूचे कलणे मोजतो, एक लहान संगणक त्यावरून भरपाईचा हिशेब करतो आणि विद्युतचुंबकाच्या जोरावर भिंगांचा एक गट अक्षाला काटकोनात सरकवतो. कॅननचा दावा दोन स्टॉपचा होता. एक स्टॉप म्हणजे शटरचा वेळ दुप्पट, म्हणजे जिथे १/३०० सेकंद लागत होते तिथे १/७५ चालेल. वरच्या सावलीतल्या हिशेबाशी हे ताडून पाहिले, तर दोन स्टॉपचे मोल किती होते ते ध्यानात येते.

पहिल्या पिढीत दोषही होते. यंत्रणा स्थिरावायला क्षणभर वेळ घेई. ट्रायपॉडवर कॅमेरा पूर्ण स्थिर असताना ती स्वतःच्याच बारीक थरथरीला कंप समजून चित्र हलवू लागे, म्हणून ट्रायपॉडवर ती बंद करावी अशी सूचना असे. धावत्या प्राण्याबरोबर कॅमेरा फिरवला, तर हे फिरणेही तिला दोष वाटे आणि ती त्याला विरोध करी. १९९७ च्या ३०० मिलिमीटर एफ/४ लेन्सपासून कॅननने अशा चित्रणासाठी दुसरा मोड दिला, तर १९९९ मधल्या मोठ्या टेली (दूरचे जवळ दाखवणाऱ्या, लांब) लेन्स ट्रायपॉड ओळखू लागल्या. 'ट्रायपॉडवर आयएस बंद करा' हा आजही सरसकट दिला जाणारा सल्ला त्या पहिल्या पिढीतला आहे. आज तो त्या त्या लेन्सचे माहितीपत्रक पाहूनच पाळावा किंवा सोडावा.

निकॉनची पहिली बदलती व्हीआर लेन्स, ८०-४०० मिलिमीटर, २००० मध्ये आली. पण खरेदीदाराच्या मनातली ओढाताण सर्वात चांगली दिसते ती कॅननच्या ७०-२०० एफ/२.८ या झूममध्ये. १९९५ ची आवृत्ती स्थिरीकरणाशिवाय होती आणि तिच्यात १८ भिंगे होती. २००१ च्या आयएस आवृत्तीत ती २३ झाली आणि वजन १,३१० ग्रॅमवरून १,४७० ग्रॅमवर गेले. किंमतही बरीच वाढली. जुनी लेन्स बाजारात चालूच राहिल्यामुळे ग्राहकाला एकाच दुकानात दोन्ही हातात घेऊन पाहता येत होत्या. लग्नमंडपात, नाट्यगृहात किंवा मंदिराच्या गाभाऱ्याबाहेर काम करणाऱ्याला नवी हवीशी वाटे. मैदानावर १/१००० सेकंदाने खेळाडू टिपणाऱ्याला ते जास्तीचे पैसे अनाठायी वाटत, आणि त्याचे म्हणणेही बरोबर होते. स्थिरीकरण 'चांगले की वाईट' असा वाद अनेक वर्षे चालला, पण तो मुळात दोन वेगळ्या कामांचा वाद होता असे मला वाटते.

याच सुमारास दुसरी वाट फुटली. फिल्म हलवता येत नाही, डिजिटल कॅमेऱ्यात तिच्या जागी असलेला सेन्सर मात्र हलवता येतो. मिनोल्टाच्या २००३ मधल्या 'डिमाज ए१' मध्ये सेन्सरच कंपाच्या उलट सरकत होता, आणि २००४ मध्ये कोनिका मिनोल्टाने ही यंत्रणा बदलत्या लेन्सच्या डिजिटल एसएलआरमध्ये (आरशातून पाहायच्या कॅमेऱ्यात) बसवली. त्या बॉडीवर वीस वर्षे जुनी मिनोल्टा लेन्स चढवली तरी तिला स्थिरीकरण मिळे. २००६ मध्ये कंपनी कॅमेऱ्यांच्या व्यवसायातून बाहेर पडली, तिचे हे तंत्र सोनीकडे गेले आणि त्याच वर्षी सोनीच्या 'अल्फा १००' मध्ये दिसले. पेंटॅक्सने २००६ मध्ये आणि ऑलिंपसने २००७ मध्ये बॉडीतलाच मार्ग धरला.

कॅनन आणि निकॉन मात्र पुढे दहा वर्षांहून अधिक काळ लेन्सच्या बाजूनेच राहिले. लेन्स विकण्याचा फायदा त्यात होताच, पण त्यांच्या बाजूचा एक युक्तिवाद खरोखर वजनदार होता. एसएलआरमध्ये छायाचित्रकार आरशातून लेन्सचे चित्र पाहतो आणि ऑटोफोकसचे सेन्सरही आरशामार्गेच प्रकाश घेतात. स्थिरीकरण लेन्समध्ये असेल तर डोळ्याला आणि फोकसला दोघांनाही स्थिर चित्र मिळते. सेन्सर हलत असेल तर फक्त अखेरचा फोटो स्थिर होतो, पाहताना सगळे थरथरतच राहते. भिगवणला उजनीच्या फुगवट्यावर डुलत्या नावेतून ४०० मिलिमीटरने पक्षी शोधणाऱ्याला हा फरक समजावून सांगावा लागत नाही.

दरम्यान २००७ मध्ये कॅनन आणि निकॉन या दोघांनीही आपल्या सर्वात स्वस्त, कॅमेऱ्याबरोबर मिळणाऱ्या १८-५५ मिलिमीटरच्या लेन्समध्ये स्थिरीकरण घातले, आणि जी सोय एके काळी महाग टेली लेन्सपुरती होती ती नवशिक्याच्या पहिल्या लेन्समध्ये आली. त्याच वर्षी आलेल्या निकॉन डी३ सारख्या कॅमेऱ्यांनी ६४०० आयएसओ वापरण्याजोगे केले. त्यामुळे कमी प्रकाशात शटर मंद करण्याऐवजी आयएसओ वाढवण्याचा पर्याय उपलब्ध झाला, जो हलत्या विषयालाही उपयोगी पडतो.

पुढची दोन पावले स्थिरीकरणाच्या व्याप्तीची. कॅमेरा नुसता कलत नाही, तो आहे त्याच दिशेने सरकतोही. दूरच्या डोंगरासाठी हे सरकणे नगण्य असते, पण फुलाच्या केसराचा फोटो घेताना तेच सर्वात मोठे विघ्न ठरते. कॅननच्या २००९ मधल्या १०० मिलिमीटर मॅक्रो लेन्सने कलणे आणि सरकणे या दोन्हींची भरपाई केली. २०१२ मध्ये ऑलिंपसच्या ओएम-डी ई-एम५ ने बॉडीतच पाच अक्षांची भरपाई दिली. पाचवा अक्ष म्हणजे घड्याळाच्या काट्यासारखे गोल फिरणे, आणि ते सुधारणे गोल भिंगाला शक्यच नाही, फक्त सेन्सरला शक्य आहे. सोनीने २०१४ मध्ये 'ए७ टू' मध्ये पूर्ण आकाराच्या सेन्सरला पाच अक्षांचे स्थिरीकरण दिले.

मग आरसाच गेला, आणि माझ्या दृष्टीने हा या इतिहासातला निर्णायक टप्पा आहे. मिररलेस कॅमेऱ्यात व्ह्यूफाइंडरचे चित्र सेन्सरवरून येते, फोकसही सेन्सरवरच होतो. सेन्सर स्थिर झाला की डोळा आणि फोकस दोन्ही स्थिर होतात, त्यामुळे लेन्सच्या बाजूचा सर्वात मोठा युक्तिवाद संपला. निकॉनने २०१८ मध्ये झेड ६ आणि झेड ७ मध्ये, तर कॅननने २०२० मध्ये आर५ आणि आर६ मध्ये सेन्सर हलवण्याचा मार्ग स्वीकारला. आज निकॉन आणि सोनीच्या अनेक चांगल्या रुंद कोनाच्या आणि मध्यम लेन्समध्ये स्थिरीकरण नसते, ते यामुळे. ती अक्षरे दिसली नाहीत म्हणून लेन्स जुनी किंवा उणी समजू नये. मात्र आपली बॉडी सेन्सर स्थिर करणारी आहे का, हे आधी पाहावे, कारण प्रत्येक कंपनीच्या स्वस्त बॉडींमध्ये ही सोय असतेच असे नाही, आणि तशा बॉडीसाठी लेन्समधले स्थिरीकरण आजही पूर्वीइतकेच मोलाचे आहे.

लांब लेन्सच्या बाबतीत मात्र जुना मार्ग टिकून आहे, आणि त्याचे कारण साध्या भूमितीत आहे. कॅमेरा अर्धा अंश कलला तर ५० मिलिमीटरच्या लेन्सचे चित्र सेन्सरवर सुमारे ०.४४ मिलिमीटर सरकते. ४०० मिलिमीटरच्या लेन्सचे सुमारे ३.५ मिलिमीटर. इतके अंतर सेन्सरला सेकंदात अनेकदा पुढे-मागे धावणे अवघड असते, तर लेन्सच्या आत योग्य जागी बसवलेला भिंगांचा लहान गट थोडासा हलवून तेवढेच काम होते. म्हणून २०० मिलिमीटरच्या पुढे हातात धरून वापरायची लेन्स घेणाऱ्याने स्थिरीकरण असलेलीच घ्यावी असे मी निःशंकपणे सांगेन. आजच्या अनेक जोड्यांमध्ये लेन्स आणि बॉडी हे काम वाटून घेतात.

दाव्यांचे आकडेही जपून वाचावे लागतात. पूर्वी प्रत्येक कंपनी आपल्या पद्धतीने स्टॉप मोजत असे. २०१२ मध्ये जपानच्या कॅमेरा उत्पादकांच्या सिपा या संघटनेने कॅमेरा कंप देणाऱ्या टेबलावर ठेवून ठरावीक चाचणी करण्याचे मानक काढले, आणि तेव्हापासून आकड्यांची तुलना शक्य झाली. तरीही टेबलाचा कंप म्हणजे दमलेल्या माणसाचा हात नव्हे. २०१६ मध्ये ऑलिंपसच्या बाजूने सांगितले गेले की, पृथ्वीचे स्वतःभोवती फिरणेही गायरोला जाणवते आणि त्यामुळे साधारण साडेसहा स्टॉपवर मर्यादा येते. पुढे गायरो सुधारले आणि २०२० मध्ये कॅननने काही लेन्सबरोबर आठ स्टॉपचा दावा केला.

आठ स्टॉप मिळाले तरी उडणारा बगळा थांबत नाही. त्याला १/१००० सेकंद किंवा त्याहून वेगवान शटरच लागते, आणि तिथे स्थिरीकरणापेक्षा मोठ्या ॲपर्चरवर खर्च केलेले पैसे अधिक कामी येतात. याच्या अगदी उलट उदाहरण अजिंठ्याचे. लेण्यांत प्रकाश मंद ठेवलेला असतो, फ्लॅशला मनाई आहे, ट्रायपॉडसाठी पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते, आणि भिंतीवरचा पद्मपाणी जागचा हलत नाही. तिथे स्थिरीकरणाचा प्रत्येक स्टॉप पुरेपूर वसूल होतो, आणि आयएसओ कमी ठेवता आल्यामुळे रंगांच्या पुसट छटाही वाचतात.

या सगळ्या बदलात जुन्या लेन्सांचे नशीब पालटले. १९९५ ची ती बिनआयएस ७०-२०० आज सेन्सर स्थिर करणाऱ्या मिररलेस बॉडीवर अडॅप्टरने लावली, तर तिला तिच्या जन्माच्या वेळी नसलेले स्थिरीकरण मिळते. पूर्णपणे हाताने चालणाऱ्या, बॉडीशी काहीच न बोलणाऱ्या जुन्या लेन्सांनाही ते मिळते, फक्त लेन्स किती मिलिमीटरची आहे हे मेनूमध्ये स्वतः भरावे लागते, कारण सेन्सर किती सरकवायचा याचा हिशेब त्या आकड्यावर होतो. १३५ च्या लेन्सवर आधीच्या लेन्सचा ५० हा आकडा तसाच राहिला तर भरपाई अपुरी पडते, आणि ५० च्या लेन्सवर १३५ राहिला तर यंत्रणा गरजेपेक्षा जास्त सरकून फोटो स्वतःच हलवते.